व्याह्यांचा फलाट

जे स्टेशन आता पृथ्वीतलावर नाही, तेथून पाहुण्यांना निरोप देणारा पुरुष त्रिभुवनात एकच असावा; आणि ते माझे व्याही आहेत.

कोल्हापुरात रेल्वे प्रथम जेथे येऊन थांबे, तेथे आता गोदामे आहेत आणि रिकामे ट्रक उभे असतात. व्याह्यांचे वडील त्या स्टेशनात घंटा वाजवीत. त्यामुळे फलाट, पाण्याचा हौद आणि रूळ जेथे संपत तो लाकडी अडसर, हे सारे व्याह्यांना अजून दिसते. प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाला ते आधी त्या अडसरापाशी नेतात, पूर्वेकडे तोंड करून उभे करतात, तळहातावर दही ठेवतात आणि मगच रिक्षा नव्या स्टेशनाकडे वळवतात. या विधीपायी माझी नृसिंहवाडीची एक पौर्णिमा हुकली. मिरजेची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, तेव्हा व्याही शांतपणे म्हणाले, "पावणं, गाडी चुकली हे खरं; पर निघालासा मात्र बरोबर जागंवरनं!"

गेल्या महिन्यात माझा मुलगा आणि सूनबाई, म्हणजे व्याह्यांची एकुलती लेक, कायमचे राहावयास नागपूरला निघाले. व्याही सकाळपासून दह्याची वाटी धरून बसले होते. रिक्षा गोदामांपाशी थांबली, ते उतरले आणि जागीच खिळले. आठवड्याभरात सारे आवार सिमेंटने सपाट झाले होते. ज्या कडुनिंबापासून ते पावले मोजीत, तोही नव्हता. ते दहा पावले पुढे गेले, मागे आले, पुन्हा गेले.

"आबा, गाडी जाईल की!" सूनबाई म्हणाली.

"थांब गं. चुकीच्या जाग्यावरनं लेक कशी लावून देऊ?" मग ते माझ्याकडे वळले. "पावणं, ल्हानपणी पाठशाळेला आलासा तवा तुम्ही हितंच उतरलासा नव्हं? सांगा, अडसर कुठं हुता?"

मला काहीही आठवत नव्हते. त्या दिवशी मी आईसाठी रडत उतरलो होतो. स्टेशनाकडे पाहिलेच नव्हते. संध्येत रोज वाणीच्या पापांची क्षमा मागणारा मी, त्या कोऱ्या सिमेंटवर एके जागी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "येथेच."

सूनबाईने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग ती माझ्या शेजारी आली आणि तिने पूर्वेकडे तोंड केले. व्याह्यांनी तिच्या हातावर दही ठेवले. ते खाऊन होईपर्यंत आम्ही दोघे म्हातारे, गाडी सुटताना फलाटावरची माणसे सरकतात तसे, थोडे मागे सरकून उभे राहिलो.