नंबरचाचांची लांब दुर्बीण

एसटीची पाटी वाचताना माणूस डोळे किती बारीक करतो, एवढ्यावरून नंबरचाचा त्याच्या चष्म्याचा नंबर सांगत. यवतमाळच्या स्टँडवर अनोळखी माणसाला गाठून म्हणत, "भाऊ, वजा दीड. उजव्याचा पावणेदोन. चष्मा घ्या, नाईतर नेरच्या गाडीत बसायचं सोडून पुसदले उतरसान." माणूस चिडून निघून जाई आणि आठवड्याभरात त्यांच्या चष्म्याच्या दुकानाची पायरी चढे. नंबर बहुधा बरोबर निघे. त्यांचं खरं नाव घरच्यांनाच ठाऊक असावं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. नवा चष्मा कोण करतो? काडी तुटलेला चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून लोक येत. चाचा आधी ओरडत, "दोरा सोडा तो. चष्मा आहे, बैल नाई बांधून ठेवायले!" आणि मग जुन्या डब्यातली काडी बसवून देत. फवारणी करून लालभडक डोळ्यांनी कोणी आला, तर उकळून गार केलेल्या पाण्यानं स्वतः डोळे धूत आणि शिव्या घालतच त्याला सरकारी दवाखान्यात पाठवत. भिंगं आता नागपुरातून तयार येत, त्यामुळे त्यांचं घासायचं यंत्र कापडाखाली झाकलेलं असे.

त्याच यंत्रावर त्यांनी दुर्बीण केली. दोन जातींच्या काचा मिळवल्या, सहा महिने घासल्या आणि माणसाच्या उंचीच्या नळीत जोडीनं बसवल्या. साध्या भिंगातून तेजस्वी गोष्ट पाहिली की तिच्या कडेला जांभळी झाक येते. जोडभिंगानं ती कमी होते, नळी लांब ठेवली की आणखी कमी. चाचांचं शास्त्र एका वाक्याचं होतं, "रंगाले पळायले जागा द्या, तो पळते."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. माझ्याकडे परदेशी, तीन भिंगांची, आखूड दुर्बीण होती. तिच्यात रंग औषधालाही दिसत नसे आणि हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला सांगितल्याशिवाय राहत नसे. आम्हा सहा-सात हौशी आकाशवेड्यांचं एक मंडळ होतं. भर दुपारी विजेच्या खांबावरच्या तारा अडकवायच्या चिनीमातीच्या पांढऱ्या वाट्यांवर दुर्बिणी रोखून एकमेकांच्या भिंगात जांभळं शोधायचो. जिल्ह्यात घराघरांत कापूस पडून पिवळा पडत होता आणि आम्ही चंद्राची किनार केसभर जांभळी की दोन केस, यावरून महिनामहिना अबोला धरत होतो. आज ते आठवलं की शिसारी येते. चाचा हसत, "प्रोफेसर, तुम्ही चंद्र पाहून राह्यले का त्याच्या लुगड्याचा काठ?"

मग एका भल्या माणसानं मंडळाला देणगी दिली. तेवढ्या पैशांत माझ्याकडच्यासारखी एक दुर्बीण आली असती, किंवा चाचांच्या हातच्या दहा. चाचांना दहा खेड्यांतल्या शाळांत त्या द्यायच्या होत्या. बैठकीत ते म्हणाले, "दहा गावं चंद्र पाह्यतील. थोडा जांभळा दिसला तर कोणाचा बाप मेला? अन् माह्या यंत्रावरचं कापड तरी निघंल." त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी मागितलं. शुक्रावर दोन्ही दुर्बिणी तपासायच्या असं ठरलं. रंगाच्या बाबतीत शुक्राइतका निर्दय परीक्षक नाही.

तपासणीआधी चाचांची दुर्बीण मी चार दिवस पाहायला म्हणून घरी नेली. दोन भिंगांच्या मध्ये धुळीचा एक कण दिसला. मला राहवेना. न विचारता मी भिंगं उघडली आणि स्पिरिटनं पुसली. काठावर चाचांनी पेन्सिलीची एक बाणाची खूण केली होती, दोन्ही भिंगांवरून गेलेली. भिंगाची कुठली बाजू पुढे ते कळावं म्हणून कारागीर ती करतात. ती मी डाग समजून पुसली आणि अंदाजानं भिंगं परत बसवली.

सूर्य नुकताच मावळला होता. कॉलेजच्या मैदानात चाचांनी नळी शुक्रावर रोखली आणि डोळा लावला. फोकस पुढे केला, मागे केला. मग आम्ही एकेक करून पाहिलं. शुक्राच्या जागी जांभळट लोकरीचा गुंडा होता. मला एका क्षणात कळलं की मागचं भिंग उलटं बसलंय. ते सुलट करायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "चाचा, नुसत्या लांबीनं भागत नाही." कोणीतरी हसलं. एकच दुर्बीण घ्यायची ठरली, माझ्याकडच्यासारखी. ती पुढे कॉलेजच्या कपाटात कुलपात राहिली. धूळ बसते म्हणून.

आठवड्यानं चाचांनी मला दुकानात बोलावलं. भिंगं उघडून समोर ठेवली होती. "प्रोफेसर, मागचं उलटं बसवलं होतं म्या. अन् खूण करायची तेबी इसरलो. इतकी वर्षं काच हातात धरली, अन् आता हे!" त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही, कारण त्यांच्या धंद्यात दुसऱ्याचं भिंग न विचारता कोणी उघडतच नाही. ते माझ्याकडे पाहत होते. सांगायला यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हणालो, "वय होतं, चाचा." याहून घाण शब्द मी आयुष्यात बोललेलो नाही.

यंत्र भंगारात गेलं. नंबर काढायला आलेल्यांना चाचा समोरच्या दुकानात पाठवू लागले. "मले आता उलटं-सुलटं कळत नाई," असं सगळ्यांना हसत सांगत. मी जाता-येता हात करायचो. तेही करायचे. असं कितीतरी वर्षं.

ते गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले, मग मी त्यांच्या घरी गेलो. चाचींनी चहाचा कप समोर ठेवला. मी सगळं सांगितलं. कण, स्पिरिट, शुक्र, काही लपवलं नाही. मग चाची म्हणाल्या, "सकाळी उठले की हात पुढं धरत. मले विचारत, देख, काँपते तो नहीं? मी सांगे, नाई कापत. त्यांले वाटे, मी मन राखून राह्यली." पुढे म्हणाल्या, "माह्यं कायले ऐकतील? तुमचं ऐकलं असतं. तुमाले लय मानत होते."

मी कपाला हात लावला नव्हता. चाचींनी तो माझ्यासमोरून उचलला, भरलेलाच, आणि पडद्याआड गेल्या. मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला. मग कप विसळल्याचा, बराच वेळ.