अळणी पिठल्याचा दिवस

मी फुलंब्रीच्या घरात नवी सून होते तेव्हाची ही गोष्ट. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. निजामाच्या वक्ताला ज्याच्या धाकानं बायका दाराला दोन-दोन कड्या लावायच्या, तो दरोडेखोर आता कैद भोगून आमच्याच गल्लीत खांद्यावर घोंगड्या टाकून फिरायचा.

मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, त्याच्याशी फार जमे. तासन् तास बसत. मला तो आवडायचा नाही. दहा घोंगड्या उलगडायच्या, एक विकायची, आणि सगळी लोकर माझ्या सारवलेल्या ओट्यावर. शिवाय आमच्याकडं कधी काही खायचा नाही. मेल्याची मिजास बघा, असं मी मनात म्हणायची.

एके दुपारी तो घोंगड्या न घेताच आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "सूनबाई, भाकरी वाढ."

मी पिठलं-भाकरी वाढली. एक घास खाऊन तो थांबला.

"मीठ दे चिमूटभर."

पिठल्यात मीठ घालायचंच राहिलं होतं. सासूबाईंनी डोळे वटारले. आयतं गिळायला मिळतंय अन् वर खोड काढतोय, असं पुटपुटत मी मिठाची वाटी त्याच्यापुढं आदळली. त्यानं मीठ जिभेवर ठेवलं, पूर्ण भाकरी खाल्ली आणि मग मामंजींना जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं.

"पाटील, जुने साथीदार मागं लागलेत. तुमच्या घरात हात घालायचाय. इथली उठबस मला ठाव, म्हणून मीच म्होरं व्हावं म्हणत्यात. नाय म्हणलं तर पोरीच्या होणाऱ्या सासरी जाऊन माझं समदं उकरणार. सुपारी फुटलीय तिची."

"मग?"

"आता तुमचं मीठ खाल्लं. म्होरक्यानं मीठ खाल्लेल्या घरात टोळीतलं कुणीच पाय टाकत नाय. आजवर कुणाच्या घरचं खाल्लं नव्हतं ते याच्यापायी."

"आन पोरीचं काय?"

तो धोतराला हात पुसून निघून गेला.

आमचं घर वाचलं. साथीदारांनी मात्र बोलल्याप्रमाणं केलं. मामंजी स्वतः पिशोरला मुलाकडच्यांना भेटले, हातापाया पडले, पण लग्न मोडलं ते मोडलंच. दोन वर्षांनी पोरगी बिडकीनला एका बिजवराला दिली. म्हातारा त्यानंतरही येत राहिला. आल्या आल्या विचारायचा, "सूनबाई, मीठ घातलंस का?" सगळं घर हसायचं आणि मी चिडायची. आज ते चिडवणं कानावर पडावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

तो गेल्यावर त्याची मुलगी एकदा आमच्याकडं आली. वाटेवरचं गाव म्हणून सहज आले, म्हणाली. चेहरा थेट बापाचा. मी ताट वाढलं, पिठलं चाखून बघितलं, तरी वाटीत मीठही ठेवलं.

तिनं ताट हातानं थोडं मागं सारलं.

"नको, काकू. तुमच्या घरचं मीठ लई महाग पडलं आमाला."

ती हे हसून बोलली. मग तिनंच ताट पुढं ओढलं आणि सावकाश जेवली. मला तिच्यासमोर बसवेना. मी चुलीपाशी जाऊन डोळ्याला पदर लावला.