सर्जेदादांची हाक

सर्जेराव चौगुले गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारत. मॉलचं पार्किंग असो, दोह्याजवळच्या समैस्माच्या समुद्रकाठची वाळू असो की अल अझीझियातल्या आमच्या इमारतीखालची अरुंद जागा, फेरी चुकायची नाही. चारही चाकांकडे बघायचं, मागे वाकून कुणाचं मूल किंवा मांजर तर नाही ना याची खात्री करायची आणि मगच दार उघडायचं. जुलैच्या उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन ताटकळलेल्या शैलावहिनी म्हणायच्या, "आमची सप्तपदी बी एवढी सावकाश झाली न्हवती." सर्जेदादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

कागलजवळच्या एका खेड्यातून, तालमीतून उठून हा माणूस वीस वर्षांपूर्वी आखातात आला आणि एका गॅस प्रकल्पावर सेफ्टी ऑफिसर झाला. मी त्याच प्रकल्पावर इंजिनिअर. मूळचा नाशिकचा, त्यामुळे माझी भाषा त्यांना मिळमिळीत वाटायची. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी 'इंजिनेर'. ते माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, म्हणून माझे सर्जेदादा.

साइटवर त्यांचा एक नियम होता. क्रेनवर बसलेला माणूस आणि खाली उभा असलेला माणूस यांची नजरानजर झाल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. एकदा एक नेपाळी कामगार पाइपांच्या ढिगामागे बुटाची नाडी बांधायला बसला होता. तो दिसेना म्हणून दादांनी सगळं काम थांबवलं. मॅनेजर तणतणत आला. दादा त्याला त्यांच्या हिंदीत शांतपणे म्हणाले, "साब, वो मेरे को नहीं दिखता, मतलब क्रेनवाले को भी नहीं दिखता. बाद में उसके घर फोन कौन करेगा, आप?" मॅनेजर आल्या पावली परत गेला. मला नंतर म्हणाले, "दिसतंय त्येच्यापासनं माणूस पळतोय रं. न दिसणारंच मारतंय."

अशा माणसाचा अमेरिकन फुटबॉलशी संबंध यावा ही गंमतच होती. दोह्यात काही शाळांमधले अमेरिकन, कॅनेडियन शिक्षक आणि आमच्यासारखे कंपन्यांतले हौशी लोक मिळून चार संघांची एक छोटी लीग चालवतात. हेल्मेटं कुणाकुणाच्या सुटकेसमधून आलेली, मैदान हिवाळ्यापुरतं मिळालेलं. एका सामन्याला प्रथमोपचार करायला म्हणून दादांना बोलावलं. दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी समोरासमोर वाकून एकमेकांना रेटताना बघून ते मला म्हणाले, "ही तर कुस्तीच हाय की. निस्ता डोस्क्याला टोप घातलाय." पुढच्याच महिन्यात ते आमच्या बचावफळीला शिकवायला लागले. माझं वजन पंच्याण्णव किलो. त्यांनी मला ऑफिसातून अक्षरशः उचलून मैदानावर नेलं.

या खेळात एक धक्का असतो. तुम्ही चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याच्या मागे धावत असता, नजर त्याच्यावर. तेवढ्यात समोरच्या संघाचा दुसराच कुणी, ज्याच्याकडे चेंडूही नाही, तुमच्या नजरेबाहेरून भरधाव येऊन खांद्यानं तुम्हाला उडवतो. ब्लाइंडसाइड ब्लॉक म्हणतात त्याला. परदेशांत बऱ्याच ठिकाणी तो बंद केलाय, पण आमच्या लीगचे नियम जुने. मानेच्या खाली आणि खांद्यानं मारला, की चालतो. प्रेक्षकांनाही तो फार आवडतो. शिट्ट्या पडतात.

दादांना त्याचा मनस्वी राग होता. "तयार माणसाला पाडणं म्हंजे ताकद," ते म्हणायचे. "बेसावध माणसाला पाडणं म्हंजे निस्तं वजन. पोतं बी पडतंय की अंगावर." हा धक्का बंद करावा म्हणून लीगला पहिला अर्ज गेला तो त्यांचाच. इंग्रजी माझं होतं, पण एकेक मुद्दा त्यांनी माझ्या डायनिंग टेबलावर बसून, मेधाच्या हातचा चहा पीत सांगितला होता. मेधा, माझी बायको, तेव्हा म्हणाली होती की या घरात गेल्या चार वर्षांत एवढं मन लावून कुणी काही लिहिलं नाही. अर्ज नामंजूर झाला. दादा म्हणाले, "परत टाकू. माझं मत कुठं जातंय?"

तोवर त्यांनी स्वतःचा उपाय काढला होता. ते मैदानाच्या कडेला उभे राहत आणि मला मारायला कुणी येताना दिसला की ओरडत, "इंजिनेर, डाव्या अंगानं!" किंवा "उजव्या अंगानं!" समोरच्या संघात अमेरिकन, लेबनीज, फिलिपिनो, दोन केरळी. कुणाला काय कळणार? मी न बघता त्या बाजूला खांदा द्यायचो. मारणाराच आपटायचा. दोन मोसम मी माझ्या डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर जास्त विश्वास ठेवला. मोसम संपताना माझ्या अंगावर साधा ओरखडा नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय मी गावभर त्यांना देत फिरायचो.

तिसऱ्या वर्षी आमच्या संघाला कॅनडाचा एक शिक्षक मुख्य प्रशिक्षक म्हणून मिळाला. त्यानं आल्या आल्या दादांना पाण्याच्या बाटल्या आणि पट्ट्यांच्या टेबलावर बसवलं. बैठकीत त्यानं हे सांगितलं तेव्हा मी समोरच होतो आणि काही बोललो नाही. मला माझी जागा टिकवायची होती, खरं ते सांगतो. दादांनी फक्त मान हलवली. आठवड्याभरात ते दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे आमच्याकडे जेवले, खर्डा कमी तिखट झाल्याबद्दल मेधाला चिडवलं आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खेळ खेळाच्या जागी, इंजिनेर." मला किती हलकं वाटलं होतं.

फेब्रुवारीत त्यांच्या संघाशी आमचा सामना झाला. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही पुढे होतो. त्यांचा गडी चेंडू घेऊन कडेनं सुटला. मी मागे लागलो. हात लांबवला की सापडेल एवढ्यावर तो आला, आणि तेव्हाच ऐकू आलं, "इंजिनेर, डाव्या अंगानं!"

मी डावीकडे खांदा दिला. डावीकडे कुणीच नव्हतं. उजवीकडून जे आलं ते मला दिसलं नाही. माझ्या गळपट्टीचं हाड मोडलं, तीन बरगड्यांना तडे गेले, आणि त्या दुपारचा एक तुकडा मला अजूनही आठवत नाही. त्यांचा गडी चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेला आणि ते सामना जिंकले. पंचांनी काही दिलं नाही. धक्का मानेखाली होता, खांद्यानं होता.

दवाखान्यात मेधानं पहिला प्रश्न विचारला, "तू तिकडे का वळलास?" मी सांगितलं, दादांनी हाक दिली. तिनं माझ्या पायांवरचं पांघरूण सरळ केलं. मग म्हणाली, "ते आता त्यांच्या बाजूला आहेत ना?" मी तिच्यावर चिडलो. तिला समजावलं की सवयीनं तोंडातून निघालं असणार. आमच्या बाजूला उभे असायचे तेव्हाचं डावं आता समोरच्या बाजूनं उजवं झालं. घाईत चुकलं. मला वाचवायला गेले आणि गडबड झाली. हे मी इतक्यांदा, इतक्या जणांना सांगितलं, की ते मलाच पाठ झालं. परमुलखात आपल्या बोलीत हाक मारणारा आपलाच असतो, हा हिशेब मी कधी तपासूनच पाहिला नव्हता. समोरच्या प्रशिक्षकाच्या हाकेवर वळायची चूक कुठल्याही अमेरिकन गड्यानं केली नसती.

आणि दादांनी तरी शंकेला कुठे जागा ठेवली होती? हात गळ्यात अडकवलेला असल्यानं मला गाडी चालवता येत नव्हती. पहिल्या आठवड्यापासून रोज सकाळी सहाला ते खाली हजर. साइटवर नेणं, आणणं, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेऊन बाहेर थांबणं, सगळं त्यांनी केलं. शैलावहिनींनी डिंकाचे लाडू पाठवले. वाटेत गाडीच्या खिडकीतूनच करक, म्हणजे इथला आटवलेला दुधाळ चहा घ्यायचे आणि माझा कप माझ्या डाव्या हातात नीट बसला की नाही ते बघूनच गाडी हलवायचे. त्या हाकेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांना ओशाळं वाटेल म्हणून.

मोसम संपल्यावर लीगची बैठक लागली. मी पुन्हा तोच अर्ज टाकला होता: हा धक्का बेकायदा ठरवा. चार संघांच्या प्रशिक्षकांची चार मतं, बदलाला तीन हवीत. आमचा कॅनेडियन आणि आणखी एक जण बंदीच्या बाजूनं, तिसरा ठाम विरोधात. उरलं दादांचं मत. शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बैठक होती. मी दादांच्याच गाडीतून गेलो. मत कुणाला, असं मी वाटेत विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय त्यात?

विरोध करणारा प्रशिक्षक आधी बोलला. खेळाडूनं चौफेर लक्ष ठेवायला हवं, धक्क्याला घाबरायचं असेल तर कॅरम खेळावा, आज हा बंद केला तर उद्या रेटणंही बंद कराल. त्याचं सगळंच चूक होतं असं नाही. मग अनपेक्षितपणे फारिस उभा राहिला. हा दादांच्या संघातला जॉर्डनचा शिक्षक. मला उडवलं होतं ते यानंच. दवाखान्यात दोनदा येऊन गेला होता, दोन्ही वेळा अवघडून बसला होता. तो म्हणाला, मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोचनं आमच्याकडून तीन आठवडे याचा सराव करून घेतला. आम्हाला सांगितलं, मी त्याच्या-माझ्या भाषेत ओरडेन, तो डावीकडे वळेल, तू उजवीकडून ये. तो न बघता वळेल, असंही सांगितलं.

मी दादांकडे पाहिलं. मला अजूनही वाटत होतं की ते म्हणतील, पोरगं खोटं बोलतंय. ते टेबलावरच्या रंगाच्या डागावरून बोट फिरवत होते. मग माझ्याकडे न बघता, त्या परक्या लोकांसमोर मराठीत म्हणाले, "खरं हाय त्ये. नियमात बसत हुतं. आन मला तुमास्नी हरवायचं हुतं."

अध्यक्षानं भाषांतर मागितलं. माझ्याकडेच बघून मागितलं. माझ्याशी जे केलं त्याचा कबुलीजबाब मीच इंग्रजीत करून सांगितला. माझा आवाज कसा होता मला माहीत नाही.

मतदान झालं. बंदीच्या बाजूनं दोन हात वर गेले आणि सावकाश तिसरा. दादांचा. विरोधातल्या प्रशिक्षकानं आश्चर्यानं कारण विचारलं तेव्हा दादा त्यांच्या तोडक्या इंग्रजीत म्हणाले की नियम असता तर मी हे केलं नसतं. मीच केलं, म्हणजे कुणीही करील. धक्का बेकायदा ठरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघांतिघांनी माझं अभिनंदन केलं. दोन वर्षं मी ज्यासाठी झटलो ते मला मिळालं होतं, आणि मला ते नको होतं. हा नियम हरला असता तरी चाललं असतं, फक्त फारिस उभा राहायला नको होता.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दादा गाडीचं दार धरून उभे होते. म्हणाले, "तू बी त्या दिशी गप्प बसलासच की, इंजिनेर." बसलो होतो. पण त्यांच्या समोर बसून गप्प बसलो होतो, माझं तोंड त्यांना दिसत होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर शंभर वेळा सुचलं. टॅक्सी बोलवायला फोन काढला तर एका हातानं तो धड उघडेना. शेवटी मी मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसलो. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. त्यांनी आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. रोज सकाळी ती गाडी प्रेमानं यायची की अपराधानं, हे मी त्या वीस मिनिटांत ठरवू पाहत होतो. अजून ठरलेलं नाही. त्या वर्षअखेरीस प्रकल्प संपला आणि ते कागलला परत गेले. मी भेटायला गेलो नाही.

त्या दुपारी इमारतीखाली गाडी थांबली. ते उतरून, वळसा घालून माझ्या बाजूला आले, नेहमीसारखं दार उघडलं, माझ्या धडधाकट दंडाला आधार द्यायला हात पुढे केला. मी माझा माझा उतरलो. आणि ज्या माणसानं मला सहा आठवडे शाळकरी पोरासारखं नेलं-आणलं, ज्याच्या घरचे लाडू अजून आमच्या डब्यात होते, त्याला मी, एखाद्या अनोळखी ड्रायव्हरला म्हणावं तसं, स्वच्छ इंग्रजीत म्हणालो, "थँक यू."

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. बेसावध होते ते.