तोडणीला जाणारं लिंबू

आमच्या परभणी जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसं जातात, बैलं जातात, शेळ्या-कोंबड्या जातात. पण झाड घेऊन तोडणीला जाणारी बाई आजवर एकच झाली, ती म्हणजे आमची आत्या. माझ्या बाबांची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली ती कायमची. दिवाळी झाली की गंगाखेडजवळच्या आमच्या गावातून ट्रॅक्टर निघायचा आणि गुढीपाडव्यापर्यंत आमचा संसार कारखान्याच्या माळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आई-बाबा एक कोयता, आणि आत्या एकटी म्हणून अर्धा. माझं नाव शाळेच्या पटावर असायचं आणि मी उसाच्या फडात. सातवीपर्यंतच्या पुस्तकांचे शेवटचे धडे मी कधी पाहिलेच नाहीत. हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यांनी ते धडे पाहिले त्यांनी ऊस तोडला नव्हता.

आत्याला लिंबू मिळालं तेही सरळ मार्गानं नव्हे. नजर लागू नये म्हणून ट्रॅक्टरला बांधलेलं लिंबू-मिरची एका खड्ड्यात निसटून पडलं. असलं लिंबू माणूस ओलांडतसुद्धा नाही. आत्यानं ते उचललं, कालवणात पिळलं आणि बिया पदराला बांधल्या. टोळीतल्या बाया लांब सरकून बसल्या. "मला लागायची ती नजर कवाच लागून गेली," ती म्हणाली, "आता लिंबूला काय भ्यायचं?" बी रुजलं ते तेलाच्या रिकाम्या डब्यात, खिळ्यानं तळाला भोकं पाडून. तेव्हापासून ते झाड आमच्याबरोबर जायला-यायला लागलं. मुकादम हजेरीला "अर्धा कोयता" म्हणाला की आत्या डब्याकडे बोट दाखवायची, "उरलेला अर्धा थितं उभा हाय."

त्या झाडापायी आम्ही काय काय सोसलं. माळावर पाणी एका घागरीचं, म्हणून सगळ्यांनी हात-तोंड धुवायचं ते डब्यावर वाकून. पाहुणा आला तरी त्याला तोच नेम. एकदा बाबांनी साबण लावून डब्यावर हात धुतले, तर आत्या त्यांच्याशी तीन दिवस बोलली नाही. भाकरी वाढायची, पण ताटाकडे बघून. सकाळी कोयता हातात घ्यायच्या आधी ती पान अन् पान उलटून बघायची. लिंबूवरची अळी लहानपणी पाखराच्या शिटासारखी दिसते, भल्याभल्यांना ओळखू येत नाही, आत्याला यायची. पण मारायची नाही. गावात असली की त्या अळ्या पानावर ठेवून मुकादमाच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर नेऊन सोडायची. त्यांना पण खायला लागतं, आणि मुकादमाच्या घरी कशाची कमी नाही, असा तिचा हिशोब होता. मुकादमाचा कढीपत्ता कधी वाढला नाही.

मी सातवी पास झाले त्या दिवाळीनंतरची गोष्ट. ट्रॉली भरली होती आणि मुकादमाचं डोकं फिरलं होतं. झाड आता माझ्या खांद्याला लागत होतं आणि काट्यांनी बायांची लुगडी फाडत होतं. औंदा हे झाड येणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. आत्यानं वाद घातला नाही. डबा खाली घेतला, मागोमाग स्वतः उतरली. बाबा वरून म्हणाले, "आक्का, झाडापायी रुसू नको. चढ वर."

"रुसायला मी काय नवरी हाय का?" आत्या म्हणाली. "मी हितंच राहते. अन् पोरीलाबी खाली उतरीव. पाणी घालायला दुसरं माणूस लागतंय."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनंच मला बखोटीला धरून खाली सोडलं.

त्याच दुपारी आत्यानं अंगणात कमरेएवढा खड्डा खणला, डबा पत्र्याच्या कात्रीनं फाडला आणि झाड जमिनीत लावलं. आठ दिवसांनी मुकादमानं माणूस पाठवला, की जागा झालीय, डब्यासकट या. आत्यानं त्याला झाड दाखवलं आणि विचारलं, आता हे उपटून कसं आणू ते तूच सांग. तो चहा पिऊन गेला. आत्या लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली आणि मी शाळेत. दुसरं माणूस म्हणून माझं काम एवढंच, की सकाळी दोन बादल्या पाणी घालायचं. त्या वर्षी पुस्तकांचे शेवटचे धडे मी दोनदा वाचले.

झाड माजलं, पण लिंबू धरेना. शेतीचं शिकलेला गावातला एक जण म्हणाला, महिनाभर पाणी तोडा, झाडाला ताण द्या, बहार येईल. आत्या त्याच्यावर उखडली. "उपाशी ठिवून काम करून घेणारे लय बघितलेत. माज्या दारात ते चालायचं न्हाई." चार वर्षं तिनं हट्ट सोडला नाही. मग एका उन्हाळ्यात हातपंपच आटला. टँकरच्या पाण्यातलं आपल्या वाट्याचं ती झाडाला घालायची, तरी ते सुकलंच. आणि आषाढात फुलांनी पांढरं झालं. ताण बसला म्हणूनच, हे तिनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. पहिल्या लिंबांचं लोणचं तिनं माळावर आई-बाबांना पाठवलं, आणि बरणीवर मुकादमाचंही नाव मला लिहायला सांगितलं.

तोवर मी एसटीनं गंगाखेडच्या कॉलेजात जायला लागले होते. पुढे बी.ए.च्या निकालाच्या दिवशी मी तिला विचारलं, त्या दिवशी तू माझ्यासाठीच उतरली होतीस ना?

"तुज्यासाठी कशाला?" ती म्हणाली. "तू काय लिंबं देतीस व्हय?"

आता तिला कमी दिसतं. अळ्या बोटांनी चाचपून शोधते, काटा टोचला की झाडाच्या सात पिढ्या काढते. मी परभणीत नोकरीला आहे. माझ्याकडे राहायला ये म्हटलं, तर आली, दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी न सांगता बसस्टँडवर जाऊन बसली. मी आणायला गेले तेव्हा शांतपणे म्हणाली की इथं सकाळी उठून करायचं काय, तेच समजत नाही. मी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं मला हात केला, पण मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे.

मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिलीच. आई-बाबा आता गावातच असतात. आमच्या घरातून तोडणीला कोणी जात नाही.