सलूनमधला विरोधी पक्ष

माझ्याकडे अख्खं मंत्रिमंडळ होतं, पण विरोधी पक्ष नव्हता. दुखणं एवढंच, तरी ते जिवाला लागलं होतं.

नीट सांगते. मी इंग्रज पुढाऱ्यांची जुनी छापचित्रं जमवते. तांब्याच्या पत्र्यावर केसाएवढ्या बारीक रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वर ओलसर कागद ठेवून यंत्राखाली दाबायचं, की साहेब तयार. पांढऱ्या केसांचा टोप, दुहेरी हनुवटी, डोळ्यांत 'मी आहे म्हणून सूर्य उगवतो' असा भाव. दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या दुकानांत हे कागद विकायला टांगलेले असायचे. पुढारी दिसतो कसा, हे लोकांना यातूनच कळायचं. म्हणजे त्यांची ही पोस्टरंच. आता आमच्या दिग्रसच्या चौकातला फ्लेक्स बघा. वाढदिवसाचं एक मोठं तोंड, खाली शुभेच्छुकांची तीस बारकी तोंडं, सगळी कॉम्प्युटरवर एकाच रंगात गोरी केलेली. माझं डोकं फिरतं. तिकडे एक कारागीर एका नाकावर आठवडे घालवायचा हो! नाक खोटं असेल, पण मेहनत तरी खरी होती.

चळवळीतली पोरं मला टोचतात. "सकाळी सरकारच्या विरोधात पत्रकं वाटते, अन् दुपारी लॉर्डाले भिंगातून पायते. लाज नाई वाटत तुले?"

नाही वाटत. माझ्या पणजोबाला या लोकांसमोर मान वर करायची सोय नव्हती. मी त्यांच्या नाकपुड्या मोजीन. कोणाची परवानगी काढायची त्याला?

तर मंत्रिमंडळ भंगारातून आणि मोडक्या इंग्रजी पुस्तकांच्या पहिल्या पानांतून गोळा झालं. पंतप्रधान मिळाले, खजिनदार मिळाले, न्यायमूर्ती मिळाले. भंगारातसुद्धा सत्ताधारीच पुढे! मला हवा होता तो दुसराच. त्यांच्याच पार्लमेंटात विरोधी बाकावर उभा राहून, कंपनी सरकारनं हिंदुस्थानात केलेल्या लुटीवर दिवसचे दिवस बोलणारा. त्याचा चेहरा मी एका संग्रहालयाच्या वेबसाइटवरून मोबाइलच्या पडद्यावर लावला होता. आईला वाटायचं, कोणी विदेशी भंते असतील. पण मुंडण सोडून भंतेंच्या डोक्यावर टोप कशाला, विचारायची.

आणि तो मला सापडला पांढरकवड्याला, एका सलूनमध्ये.

मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीबद्दल पत्रक काढलं होतं, ते बसस्टँडवर वाटत होते. समोर सलून. आत भिंतीवर नव्या कटिंगची पोस्टरं, चकचकीत पोरं, आणि त्यांच्या मधोमध हा! तेच नाक, तोच ओठांचा कोपरा. हातातली पत्रकं मी केळीवाल्याच्या गाडीवर ठेवली आणि सरळ आत घुसले.

पुरुषांच्या सलूनमध्ये मुलगी शिरल्यावर काय होतं ते सांगते. वस्तरा थांबतो. खुर्चीत एक ट्रकवाला होता, अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल साफ. बाकावरचे तिघे एकदम सावरून बसले.

"कोण पाह्यजे बाई तुले?" सलूनवाले काका म्हणाले.

"हा," मी बोट दाखवलं. "हा मला द्या."

"वकीलसाहेब?" काका हसले. "ते देत नसतो आपण."

मग कळलं. काकांच्या वडिलांनी कुठल्याशा बंगल्याच्या लिलावातून आरसा आणला, त्यासोबत ही फ्रेम फुकटात आली. गिऱ्हाइकांनी टोप पाहून त्याला वकीलसाहेब करून टाकलं. आणि या दुकानात एक कायदा होता. दोघांचं भांडण लागलं, कोण खोटं बोलतो ते कळेना, की दोघांना साहेबासमोर उभं करायचं. साहेबाच्या डोळ्यांत पाहून आपलं म्हणणं सांगायचं. जो आधी हसला, तो खोटारडा. अपील नाही.

"अख्ख्या बसस्टँडचे झगडे याईनंच मिटवले," बाकावरचा एक म्हणाला. "पोलिसाचे बी."

मी कागदाकडे पाहत होते. कोपऱ्यात तपकिरी ठिपके पडायला लागले होते. खाली गरम पाण्याचा वाफाळता डबा, बाजूला स्प्रे, वरून पंख्याची धूळ. मी उखडले. "काका, हे मरून राह्यलं इथं! दोन पावसाळे नाही काढणार. तुम्हाला काही आहे का त्याचं?"

"अन् तू काय करशील? नागपूरले नेऊन विकशील."

"मी? विकीन?" माझा आवाज सभेतला झाला. "मी संग्राहक आहे!"

"असं? मंग सांग साहेबाले."

ट्रकवाला फेसासकट वळला. "हाव हाव, सांगा मॅडम. कायदा सगळ्याईले सारखा."

उभी राहिले. त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मी तुम्हाला विकणार नाही," असं म्हणायचं होतं. पण इतक्या जवळून, एवढ्या दिवसांनी, खराखुरा तो! गालावर एकमेकींना छेद देणाऱ्या रेघांची जाळी दिसत होती, पापण्या दिसत होत्या, आणि टोपावर आमच्या पांढरकवड्याची एक माशी बसली होती. 'मी तुम्हाला' एवढं तोंडातून निघालं आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना.

"खोटारडी!" बाक एका सुरात ओरडला.

"अन्याय आहे हा!" मीही ओरडले. "मी आनंदानं हसले! तुमच्या कायद्यात आनंदाचं कलम नाही?"

"नाई," काका म्हणाले.

मग मला जे येतं ते मी केलं. बाजूची रिकामी खुर्ची पकडून ठाण मांडलं. "धरणं. निकाल फिरवल्याशिवाय उठणार नाही."

"दुकान बंद पाडते काय वो माय!"

"पाडते."

ट्रकवाल्याचा फेस वाळत चालला होता. त्याला आदिलाबादला माल पोचवायचा होता. शेवटी तोच म्हणाला, "काका, तुमी बी उभे राहा नं. पोरगी म्हणते, तुमाले त्याची काळजी नाई. सांगा साहेबाले, कवा काच पुसली ते."

काकांनी वस्तरा खाली ठेवला, शर्ट खाली ओढला, साहेबासमोर उभे राहिले. "मी हरेक दिवाळीले..." एवढं म्हणाले, आणि मिशी थरथरली. मग पोट हलायला लागलं. मग आरशाला धरून हसत सुटले.

"दोघंबी खोटारडे!" बाक नाचायचाच राहिला होता.

दोघेही खोटे निघाल्यावर काय करायचं, हे त्यांच्या कायद्यात नव्हतं. मग तोड निघाली ती अशी: भिंत उघडी पडता कामा नये. त्यांचा साहेब मी न्यायचा, माझा एक साहेब तिथं लागायचा. माझे सगळे मंत्री मोबाइलमध्ये होतेच. त्यांनी फोन हातोहात फिरवला आणि न्यायमूर्ती निवडला, कारण "याचा टोप जास्त लांब हाय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी न्यायमूर्तीला पुठ्ठ्यात घालून नेलं. काकांनी नव्या ब्लेडनं फ्रेमच्या मागचा कागद इतका हळू कापला की जणू कोणाच्या गळ्याशी वस्तरा होता. साहेब बाहेर आला. चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला, खाली चित्रकाराचं नाव, कोरणाऱ्याचं नाव, आणि मधोमध त्याचं स्वतःचं. तोच! मी सगळ्यांची बोटं एकेक करून त्या दाबावरून फिरवली. आधी हात धुवायला लावले, ते वेगळं. काका बोट फिरवून म्हणाले, "बाप्पा! इतके साल याच्यासमोर हजामती केल्या, अन् हे ठाऊकच नव्हतं."

एसटीत मी त्याला मांडीवर धरून बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" मी म्हटलं, "विरोधी पक्ष." त्यानं तिकीट माझं एकटीचंच फाडलं.

आठवडा गेला नसेल, काकांचा फोन. "पोरी, तुह्या माणसानं घोळ करून ठेवला."

"काय झालं?"

"अवं, त्याच्याकडं पाहून कोणीच हसत नाई! इतकं कडू तोंड. मंग कोणीच खोटारडा निघत नाई. काल एकजण दुसऱ्याची सायकल आपलीच म्हणून घेऊन गेला, साहेबाच्या डोळ्यांत पाहून! आमचे वकीलसाहेब वापस आण."

"नाही म्हणजे नाही."

"मंग आम्ही सगळ्याईनं खरं बोलणारे म्हणून जगावं काय?"

ही गोष्ट मात्र मला झोंबली. एका न्यायमूर्तीच्या नाकाखाली सायकली जाताहेत आणि सगळे निर्दोष सुटताहेत! असल्या प्रकारांवरच तर मी पत्रकं लिहिते.

दुसऱ्या दिवशी सगळं मंत्रिमंडळ मोठ्या फाइलमध्ये घालून मी पांढरकवड्याची बस धरली. सलूनच्या बाकावर स्वच्छ धोतर अंथरलं, त्यावर एकेक मंत्री मांडला. गिऱ्हाइकं समोरून रांगेनं जात होती, प्रत्येकाच्या तोंडाकडे वाकून पाहत होती. खजिनदारासमोर कोणी पापणीही हलवली नाही. पंतप्रधानासमोर एकानं जांभई दिली. मग आला एक गोलमटोल, कान टोपातून बाहेर आलेला, कुठल्याशा खात्याचा मंत्री. काकांनी नुसतं पाहिलं आणि हातातली कात्री खाली पडली.

"हाच!" ते पोट धरून म्हणाले. "हाच पाह्यजे!"

घ्या, म्हटलं, न्यायमूर्ती मला परत द्या आणि याला आनंदानं घ्या. सरकारातला एक माणूस गेला, तर माझं काय जातं? विरोधी पक्ष दिग्रसला माझ्या पलंगाखाली, पुठ्ठ्यांच्या मधोमध, सुखरूप होता.