डाव्या पायाचा फर्मा

साड्यांची डिझाइनं काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रिंटिंग युनिटमध्ये कॉम्प्युटरसमोर बसायचं, माल घेणारी पार्टी म्हणेल ते फूल काढायचं आणि पार्टी म्हणेल त्या रंगात बुडवायचं. याबद्दल माझी तक्रार नाही, घर त्यावरच चाललं. पण पंचेचाळिशी उलटली तसा एक किडा डोक्यात वळवळायला लागला. स्वतःचं म्हणावं असं एकही चित्र आपण काढलेलं नाही. काढता येतं की नाही, हेही माहीत नाही.

माझा एक मित्र शाळेत चित्रकला शिकवतो. त्याच्या ओळखीने दिवाळीनंतर एका वाचनालयाची भिंत आठवडाभर मिळणार होती. मी तोंड वर करून सांगून बसलो की आठ लिनो छाप लावतो. लिनोलियमचा तुकडा कोरायचा, न कोरलेल्या भागावर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. प्रेस लागत नाही. विषय मात्र लागतो, आणि मला तर फुलांचा वीट आला होता.

म्हणून रविवारी जुन्या बाजारात गेलो. बिनचोचीची किटली, एका काचेचा चष्मा, हार्मोनियमच्या सहा सुट्या पट्ट्या, शेवेच्या सोऱ्याची झिजलेली चकती असं काय काय उचललं. एका चादरीवर चपला शिवताना वापरतात तो लाकडी फर्मा पडला होता, डाव्या पायाचा. उजवा मी बराच शोधला.

"जोडी नथी, भाई. एक ज छे," विकणारा गुजरातीत म्हणाला.

घरी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. साडीच्या खोक्याच्या झाकणावर यादी केली: कुठली वस्तू आधी, कागद केवढा, शाई काळीच. बायको म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवते, तिला यादी दिसली की तपासावीशी वाटते. "भंगार आणलंत ते ठीक," ती म्हणाली, "पण जेवायचं कुठे?" मी सामान खिडकीपाशी हलवलं.

सगळ्यांत आधी फर्माच घेतला. दोन दुपारी बसून रेखाटन केलं आणि मोठ्या तोऱ्यात तिला दाखवलं. तिने कागद हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला.

"याची साडी मला नको हं, आधीच सांगते."

मी पाहिलं तर खरंच. मधे एक फर्मा, त्याच्यासमोर आरशातल्यासारखा उलटा दुसरा. उजव्या कडेला अर्धा फर्मा कापलेला आणि डाव्या कडेला त्याचा उरलेला अर्धा. मधल्या फटींत बुट्ट्या. म्हणजे हेच चित्र एकाला एक लावून कापडावर कितीही मीटर छापा, जोड दिसणार नाही. आमच्या धंद्यात डिझाइनवाल्याची लायकी या जोडावरूनच ठरते, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळला होता. मला कळलंसुद्धा नव्हतं.

बायको हसत होती. मी तिच्यावर उगाच खेकसलो आणि कागद फाडला. पुन्हा काढला, पुन्हा कडेला अर्धी टाच. तिसऱ्यांदा कडा सोडल्या, तर चारही कोपऱ्यांत पानं आली. मोकळी जागा दिसली की मी ती भरून टाकतो, कारण मोकळ्या जागेचा माल पार्टी परत पाठवते. त्या दिवशी मी खरोखर घाबरलो. मित्राला फोन करून भिंत नको म्हणून सांगावं, इथपर्यंत आलो.

फोन केला नाही, फर्मा हातात घेतला. अंगठ्याच्या सांध्यापाशी चामड्याचा एक तुकडा चिकटवलेला होता, त्यावर आणखी एक छोटा. कुणाचं तरी हाड तिथे वाढलं असणार, आणि जोडा टोचू नये म्हणून चांभाराने फर्म्यालाच तेवढा फुगवटा दिला होता. एका माणसाच्या एका पायासाठी एवढी खटपट. आणि मी नीट न बघताच त्याची जोडी लावून मोकळा झालो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मग फक्त तो फर्मा काढला, चामड्याच्या तुकड्यासकट. भोवतीचं लिनो कोरून टाकताना इतकं सगळं फुकट घालवायचं जिवावर येत होतं. तरी कोरलं. एका रविवारी सकाळी पहिला छाप घेतला. पांढऱ्या कागदावर मधोमध एक काळा पाय, आजूबाजूला काहीही नाही. कोरण्यात दोन चुका होत्या, पण त्याची साडी कुणाला करता आली नसती.

बायकोने या वेळी कागद फिरवून पाहिला नाही. "खाली नाव घालतात ना?" एवढंच विचारलं. घालतात, पेन्सिलीने. पण आमच्या धंद्यात डिझाइनला नंबर पडतो, नाव कधी पडत नाही. मी कोपऱ्यात बँकेतली सही केली.

तिने खोडरबर पुढे सरकवला. "चेकवर करता ती नको. लोकांना वाचता आलं पाहिजे."

मी सही खोडली आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावून माझं पूर्ण नाव लिहिलं.