म्हशीनं तोंड फिरवलं

दिवाळी झाली की आमच्या धंद्याची परीक्षा सुरू होते. साखर कारखाने पेटतात, उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, स्वस्तात मिळायला लागतात आणि माणसं जनावरांची पेंड कमी करतात. त्याच दिवसांत गावोगावची दूध संकलन केंद्रं पुढं कुणाची पेंड ठेवायची ते ठरवतात. बारामतीजवळ माझा गोळी पेंडीचा कारखाना आहे. सायकलवरून सरकीची पोती विकत मी इथवर आलो. हे दिवस हातून गेले तर वर्ष जातं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

त्या वर्षी मी पहिल्यांदाच प्रसिद्धीच्या कामाला बाहेरचं माणूस घेतलं. बारामतीचीच, पुण्यात शिकून आलेली एक मॅडम. तिनं दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा आराखडा मांडला. जनावरांच्या तपासणीची शिबिरं, चांगल्या गोठ्यांचे व्हिडिओ, केंद्रचालकांना कारखाना दाखवणं. तिच्या मानधनावर मी रग्गड घासाघीस केली. ती एकदम कबूल झाली, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या कमी पैशात कोण राजी होतं? दुसरीकडून काही मिळत असल्याशिवाय?

दुसरीकडून म्हणजे कुठून, तेही माझ्या डोक्यात पक्कं होतं. माझ्याकडं विक्री सांभाळणारा एक जण काम सोडून इंदापूरच्या बाजूला स्वतःची पेंड काढून बसला होता. कुठल्या केंद्रचालकाला चहा लागतो आणि कुणाला मान लागतो, हे त्याला मी शिकवलं. जाताना तो माझ्या पाया पडला. तो नमस्कार मला अजून सलतो.

शिबिरांची गावं ठरत होती तोच एक व्हिडिओ फिरायला लागला. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचा गोठा. घमेल्यात पेंड ओतली जाते, शेजारी माझ्या छापाची गोणी. म्हैस हुंगते, फुसकारते आणि तोंड फिरवते. मागून बाईमाणसाचा आवाज येतो, "बघा, तोंडबी लावंना." एवढंच. पण दूधवाल्यांना याहून मोठी बातमी नसते. अंथुर्ण्याच्या केंद्रचालकानं माल थांबवला, पाठोपाठ इंदापूर तालुक्यातली इतर केंद्रंही कुरकुरू लागली. बारामतीच्या बाजूनं मात्र एकही तक्रार नाही. कारखाना एक, माल एक, आणि तक्रारी फक्त त्याच्या मुलखातल्या. याहून सरळ पुरावा तो काय?

"विकत घेतली त्यानं," मी मॅडमला म्हणालो.

"कुणाला? म्हशीला?"

"म्हैसवालीला!"

ती हसली नाही. "तात्या, शिबिरं थांबवू. आधी त्या गोठ्यावर जाऊ."

"थांबवू? थांबवायचे पैसे कोण देतंय तुम्हाला?"

तिनं पिशवी खांद्याला लावली. "माझ्यावर भरवसा नसेल तर आत्ताच सांगा, मी निघते. पण मी गेले म्हणून म्हशीचं तोंड इकडं वळणार नाही."

मग मी निघालो, पण चोर पकडायला. कारखान्यातली ताजी गोणी माझ्याच गाडीत टाकली. वाटेत मॅडमनं फोन उघडला की कुणाला कळवतेय म्हणून मी मान तिरकी करून बघत होतो. ती आईशी बोलत होती. निदान तसं म्हणाली तरी.

गोठा उजनी धरणाच्या पाण्यापासून जवळच होता. म्हैसवाली मावशी साठीच्या पुढची. मला बघून म्हणाली, "या मालक. फोटो हाय की तुमचा गोणीवर. गोणीवर जरा बरं दिसता."

मी सरळ विषयावर आलो. "मावशी, व्हिडिओ काढायचं किती मिळालं?"

"मिळतंय कशाचं? सुनंनं काढला, म्हायेरच्या ग्रुपवर टाकला. म्हस खाईना म्हून कुनी पैसं देतं व्हय? द्यायचं तर तुमीच द्या, गोनी वाया गेली माजी."

मी माझी गोणी फोडून घमेल्यात ओतली. म्हशीनं असं तोंड घातलं की घमेलं सरकत गेलं. शेजारपाजारचे गोळा झाले होते. मी आवाज चढवला, "बघा! खातीय का न्हाय? आता खोटं कोण, सांगा!"

मावशी तडक आत गेली. आतून तिची गोणी ओढत आणली आणि दुसऱ्या घमेल्यात ओतली. म्हशीनं तोंडातला घास चघळत तिकडं नाक नेलं, फुसकारलं आणि परत माझ्या घमेल्याकडं वळली.

"बोला आता," मावशी म्हणाली. "हिलाबी कुनी पैसं दिलं म्हना."

"काय मिसळलंय तुमी ह्यात?" मी मूठभर पेंड नाकाला लावली. मासळीचा वास. पण पळसदेवात तो कुठं येत नाही? काठावर जाळी वाळत होती, सगळा वारा तसाच होता. मॅडमनं मात्र ओंजळभर पेंड घेतली, माझ्या गाडीत जाऊन बसली आणि काचा लावून घेतल्या. लोक बघत राहिले. थोड्या वेळानं उतरली, नाकाला ओढणी लावून.

"बंद गाडीतही येतोय. तात्या, इकडं माल कुठल्या गाडीनं येतो?"

बारामतीच्या बाजूला माझी स्वतःची पिकअप फिरते. इकडं मात्र मासळीचे टेम्पो बारामतीला माल उतरवून रिकामे परत येतात, त्यांत मी पेंड भरायचो. रिकाम्या गाडीचं भाडं मी पार तळाला नेलं होतं आणि त्या सौद्याचं मला कौतुक होतं. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. तोच टेम्पो, मागं क्रेट, फळीतून पाणी ठिबकतंय.

"रामराम मालक!" ड्रायव्हर ओरडला. "पेंड भरायला सांजच्याला येऊ का?"

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हशीला मासळीचं कालवण घालतायत मालक!"

मी ड्रायव्हरवर तुटून पडलो. "गाडी धूत का न्हाईस?"

"तुमी देता त्या भाड्यात धुवायचं व्हतं व्हय?"

मॅडमचं म्हणणं, आता प्रचार एकच. जे झालं ते इथंच, मावशीच्या गोठ्यात, आपल्या तोंडानं सांगायचं, खराब गोण्या बदलून द्यायच्या आणि माल स्वतःच्या गाडीनं पाठवायचा. मी म्हणालो, हे तर त्या इंदापूरवाल्याच्या हातात कोलीत देणं झालं. पण अंथुर्ण्याचं केंद्र गेलं तर मागची सगळी जाणार, हे मलाही दिसत होतं. मग मी शब्दांवर घासाघीस केली. "वाहतुकीतील अडचण" म्हणतो. मॅडम नको म्हणाली. "वासाची किरकोळ तक्रार" म्हणतो.

"मासं म्हना की," मावशी म्हणाली. "लाजताय कशापायी? आमी रोज खातो."

सुनेनंच मोबाइल धरला. पहिल्या वेळी मी कॅमेऱ्यावरच खेकसलो, ते पुसावं लागलं. दुसऱ्यांदा सांगितलं. मासळीच्या टेम्पोतून पेंड आली, पोत्यांना वास लागला, चूक आमच्या कारखान्याची. शेजारी म्हैस खात होती, तिनं एकदाही वर बघितलं नाही.

सुनेच्या माहेरच्या ग्रुपवरचा पहिला व्हिडिओ सगळ्या तालुक्यात कुणी पसरवला, हे मला माहीत आहे असं मी आजही म्हणतो. मॅडम म्हणते, पुरावा द्या. पुरावा नाही. म्हणून काय झालं?

पुढच्या आठवड्यात मी पिकअप घेऊन स्वतः अंथुर्ण्याला गेलो. केंद्रचालकानं माझा व्हिडिओ माझ्यासमोर परत लावला, दूध घालायला आलेल्यांनाही दाखवला. मग तो गाडीवर चढला, एका गोणीची शिवण उसवली आणि आत नाक घातलं. मग दुसरीची. मग खाली उभ्या असलेल्या दोघांना वर बोलावून त्यांनाही हुंगायला लावलं. माझं डोकं तडकत होतं. माझ्या मालाला असं हुंगायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"राग आला का मालक?" त्यानं वरूनच विचारलं.

"न्हाय. घ्या सगळ्यांचा वास."

त्यानं खरंच सगळ्यांचा घेतला. शेवटची गोणी बांधून ठेवत म्हणाला, "उतरवा माल खाली. म्होरल्या खेपेलाबी हुंगूनच घेनार हां."